रंगूची करंगळी

सात टेकड्या ओलांडल्या की आठव्या टेकडीच्या कुशीत एक इटुकलं गाव लागायचं. त्याचं नाव हुडहुडवाडी. नावावरूनच कळलं असेल, तिथे थंडी फार. इतकी, की पहाटे कोंबडा आरवायला चोच उघडायचा, 'कु' म्हणायचा आणि थांबायचा. उरलेलं 'कुचकू' ऊन वर आल्यावर. पण सकाळ काय सुरेख असायची! गवताच्या पात्यापात्यावर दहिवराचे मणी, मण्यामण्यात एकेक पिटुकला सूर्य, आणि सगळ्या छपरांवर धुक्याची पांढरीशुभ्र दुलई. बघायला फार छान गाव. राहायला मात्र घरात दोन गोधड्या हव्यात.

रंगूच्या घरी एकच गोधडी होती, आणि तीही जुनी झालेली.

रंगूला नुकतंच दहावं लागलं होतं. घरात ती, आई आणि दोन वर्षांचा दगडू. बाबा नव्हते. आई भल्या पहाटे रानात जाऊन शिकेकाई गोळा करायची, ती बाजारात विकायची आणि दिवस मावळताना घरी यायची. तोवर दगडू रंगूच्या कडेवर. दगडूच्या वजनाला त्याचं नाव अगदी शोभत असे. त्याला एक खोडही होती. रंगूच्या कुशीत शिरून, गोधडीचा एक कोपरा मुठीत घट्ट धरला तरच त्याला झोप येई. झोपेत तो कोपरा असा काही ओढी, की सकाळी तो उसवलेला असे. मग रंगू परकराच्या नेफ्यात खोचलेली सुई काढी, दोरा ओवी आणि बोलता बोलता, हसता हसता कोपरा शिवून टाकी. पाणी भरलं, चूल पेटवली, कोपरा शिवला. रोजचंच काम, त्यात काय बघायचं?

कला म्हणजे काहीतरी वेगळंच असतं, असं रंगूला वाटे. गुरवाचा नाना पावा वाजवतो, ती कला. कुंभाराची चिंगी सुरया घडवते, ती कला. आणि रंगूला सगळंच हवं असे. सोमवारी तिने पावा करायला घेतला, त्याला दोन भोकं पाडली, तेवढ्यात मंगळवार उजाडला आणि चिंगीच्या चाकावरची माती दिसली. बुधवारी लाकडाची बाहुली. तिचं नाक राहिलं ते राहिलंच. कोपऱ्यात एक टोपली होती. तिच्यात रंगू शिंप्याच्या ओट्याखालचे कापडाचे तुकडे साठवी. जांभळे, पोपटी, चिंतामणी, अबोली. रंग फेकून द्यायचे, हे तिला बघवत नसे, म्हणून.

शेजारची ठकूकाकू दारातून डोकावली की कपाळाला हात लावी. "एक ना धड, भाराभर चिंध्या!" ती म्हणे. टोपलीकडे बघून म्हणे, की रंगूकडे, ते तिचं तिलाच ठाऊक.

एरवी रंगूने हे हसून सोडून दिलं असतं. पण आता हातबसवणी पंधरा दिवसांवर आली होती.

आपण म्हणतो ना, अमक्याचा हात बसला? एकच काम करून करून हाताला ते पाठ झालं, की म्हणतो. हुडहुडवाडीत तो हात खरोखरच बसवत असत. पौषाच्या पुनवेला सकाळी दहावं लागलेली मुलं पारावर जमायची. प्रत्येकाने आपलं एकच काम चौरंगावर ठेवायचं. गाणं-वाजवणं असेल तर तिथेच करायचं. मग भागूआत्या ते तपासायची. भागूआत्या ही गावातली सगळ्यांत म्हातारी बाई. तिला डोळ्यांनी दिसत नसे, पण तिची बोटं आणि कान फसत नसत. ती "हात बसला" म्हणाली, की मुलाच्या तळहाताला कुंकू लागे आणि गावातच त्याचं शिक्षण सुरू होई. नाही म्हणाली, तर त्या मुलाने वर्षभर मेंढ्यांमागे पलीकडच्या खोऱ्यात जायचं. भटकणारे हात भटकून दमू देत, अशी जुन्या लोकांची समजूत.

मेंढ्या तशा वाईट नसतात. पण वर्षभर आई दिसणार नाही आणि दगडू कुणाच्या कुशीत झोपणार, या विचाराने रंगू दगडूला आणखीच जवळ ओढी. काय ठेवायचं चौरंगावर? दोन भोकांचा पावा? नकटी बाहुली?

अशाच एका सकाळी ती दगडूला कडेवर घेऊन रानात काटक्या आणायला गेली. बोरीचं झाड दहिवराने लखलखत होतं. लाललाल बोरं, हिरवीगार पानं, आणि त्या सगळ्यातून एक इवलासा आवाज आला.

"अगं आई गं!"

रंगूने फांदी हळूच बाजूला केली. आत बाभळीच्या शेंगेएवढी एक परी अडकली होती. अंगात चांदण्याच्या रंगाचा झगा, केसांत दवाचे मणी, आणि पाठीवर कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखे दोन नितळ पंख. एक पंख काट्यात गुंतून टरकन फाटला होता.

"हलू नकोस हं, परीताई," रंगू म्हणाली. "आणखी फाटेल."

तिने दगडूला खाली बसवलं, त्याच्या हातात एक बोर दिलं, आपल्या परकराच्या काठातून निळ्या रंगाचा एक धागा ओढला, सुई काढली आणि पंख शिवायला घेतला. शिवता शिवता दगडूने बी गिळू नये म्हणून त्याच्याकडे लक्ष ठेवलं, परीला नाव विचारलं, थंडी वाजते का तेही विचारलं. पंखाकडे तिने फारसं बघितलंच नाही.

"मी दहिवरी," परी म्हणाली. तिने पंख हलवून पाहिला. मग मान मागे वळवून वळवून पाहिला. "दुखलं कसं नाही मला?"

"दुखू नये असंच शिवायचं असतं ना," रंगू म्हणाली आणि दगडूच्या तोंडातली बी काढायला धावली.

दहिवरी भुर्रकन उडून बोरीच्या शेंड्यावर बसली. तिच्याभोवती सोनेरी, रुपेरी, गुलाबी ठिणग्या नाचू लागल्या. "मुली, तू माझा पंख वाचवलास. मी तुला इच्छा देते. पण नियम ऐकून घे. परीच्या देण्याला नियम असतात, नाहीतर आम्हाला कोण विचारणार?"

"ऐकते," रंगू म्हणाली.

"तुझ्या उजव्या हाताला पाच बोटं, म्हणून पाच इच्छा. दिवसाला एकच, आणि ती दहिवर वाळायच्या आत मागायची. फक्त कलाच मागायची, लाडू-जिलबी नाही. मागशील ती कला तुझ्याकडे सूर्य मावळेपर्यंत राहील. आणि प्रत्येक इच्छेमागे तुझं एक बोट त्याला जे येतं ते विसरून जाईल. विसरलेलं मला परत देता येत नाही."

रंगूने आपला हात डोळ्यांसमोर धरला. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिका, करंगळी. खरबरीत, राखेने काळवंडलेली बोटं. "माझ्या बोटांना काय येतं, परीताई?" ती खुदकन हसली. "विसरतील तरी काय!"

दहिवरीने आपल्या पंखाकडे बघितलं. पण सल्ला देणं तिच्या नियमात बसत नव्हतं.

रंगूने मनात बेत केला. चार इच्छा चाखून बघायच्या. त्यातली सगळ्यांत गोड निघेल ती हातबसवणीच्या सकाळी पाचव्यांदा मागायची. मग भागूआत्या "बसला" म्हणणारच! बेत पक्का होता. चुका बहुतेक अशा पक्क्या बेतातच होतात, पण ते दहाव्या वर्षी कुणाला कळतं?

दुसऱ्या दिवशी उठल्याबरोबर ती रानाकडे धावली. गोधडीचा कोपरा उसवलेला होता. "उद्या शिवू," ती म्हणाली.

"मला गाणं हवं!" तिने मागितलं. दहिवरीने तिच्या अंगठ्यावर टिचकी मारली आणि रंगूच्या गळ्यातून असा सूर निघाला, की बुलबुलाने लाजून मान पंखात घातली. ती गात गात गावात आली. विहिरीवर बायका घागरी भरायच्या विसरल्या. गुरवाच्या नानाने पावा खाली ठेवला. दिवसभर हुडहुडवाडीत नुसता मध सांडत होता. मग सूर्य टेकडीमागे गेला. दगडू म्हणाला, "ताई, आनखी!" रंगूने तोंड उघडलं, आणि आतून आला तो तिचा नेहमीचा आवाज. दगडूने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनेच गाणं लपवून ठेवलं आहे.

"मला चित्रं हवीत!" ती दुसऱ्या सकाळी म्हणाली. कोपरा पुन्हा उद्यावर गेला. त्या दिवशी तिने गेरू, हळद आणि काजळ घेऊन घराची भिंत रंगवली. मोर नाचले, कमळं उमलली, निळ्या नदीत सोनेरी मासोळ्या सुळसुळल्या. ठकूकाकूसुद्धा येऊन बघून गेली आणि काही बोलली नाही, म्हणजे तिला फारच आवडलं असणार. संध्याकाळी एक मासोळी अर्धी राहिली. रंगूने ती पुरी करायला काडी उचलली, तर मासोळीचा बटाटा झाला.

तिसऱ्या दिवशी नाच झाला आणि चौथ्या दिवशी माती. नाच भिंगरीसारखा होता आणि मातीचा हत्ती कान हलवील असा, पण आता रंगूला सारखं सूर्याकडे बघायची सवय लागली होती. चौथ्या दिवशी तर तिने हत्तीपेक्षा सूर्यच जास्त पाहिला.

त्या संध्याकाळी दगडू रडायला लागला. चार दिवस न शिवलेला कोपरा पार लोंबत होता. आतल्या जुन्या लुगड्याचे थर बाहेर आले होते. मुठीत धरायला कोपराच उरला नव्हता. दगडू हात चाचपडे, काही लागत नसे, आणि पुन्हा भोकाड पसरे.

"थांब रे सोन्या, आत्ता शिवते," रंगू म्हणाली आणि नेफ्यातली सुई काढली.

सुई खाली पडली. तिने उचलली, पुन्हा पडली. अंगठा सुई धरेना. तर्जनी दोरा ओवेना. मधलं बोट सुई पुढे ढकलेना. अनामिका कापड धरायचं विसरून नुसतीच उभी. रंगू आपल्या हाताकडे बघत राहिली. हा हात तिचा वाटेना.

तेवढ्यात आई आली. शिकेकाईचं गाठोडं खाली ठेवून तिने गोधडी पाहिली, वेडावाकडा दोरा पाहिला. "अगं रंगू, तुझा टाका कुठे गेला?"

"माझा टाका?"

"तुझा टाका, बाई. दगडूचं अंगडं कुणी शिवलं म्हणून सारा बाजार विचारतो मला. शिंपी तर म्हणाला, मला दुकानात असला टाका जमत नाही."

"आई, तू मला कधी सांगितलं नाहीस!"

"तू श्वास छान घेतेस, असं कुणी सांगतं का गं?" आई म्हणाली. "मला वाटलं, तुला ठाऊक आहे."

रंगूला रडू कोसळलं. ती आईच्या पदरात शिरून खूप रडली. दगडू आधी तिच्याकडे बघत राहिला आणि मग साथ द्यायला म्हणून तोही रडला.

सकाळी ती बोरीजवळ गेली. दहिवर चमचमत होतं, पण आज तिला त्यात सूर्य दिसले नाहीत. "परीताई, माझी बोटं परत दे."

"ते मला येत नाही, मुली," दहिवरी हळुवारपणे म्हणाली. "पण एक इच्छा अजून शिल्लक आहे. हातबसवणीच्या सकाळी शिवणच माग. त्या दिवशी तू अशी शिवशील, की आकाशाला ठिगळ लावलंस तरी दिसणार नाही. भागूआत्या 'बसला' म्हणेल. मग तुला कुणी मेंढ्यांमागे पाठवणार नाही."

"आणि करंगळी?"

"तीही विसरेल."

रंगू दहिवरात पाय भिजवत उभी राहिली. मेंढ्या डोळ्यांसमोर आल्या. लांबचं खोरं आलं. मग दगडूचा चाचपडणारा हात आला. "मग त्याच्या दुसऱ्या दिवशी दगडूचा कोपरा कोण शिवणार?" तिने विचारलं.



"नको," रंगू म्हणाली. "करंगळीला अजून येतंय ना? ती शिकवेल बाकीच्यांना."

"नुसत्या करंगळीवर?"

"हो. करंगळीवर."

करंगळीला काय येत होतं? फार नाही. दोरा किती ताणायचा, तेवढंच. जास्त ताणला तर कापडाला सुरकुती पडते, कमी ताणला तर टाका लोंबतो. पण करंगळीवर डोंगर उचलल्याची गोष्ट आपण ऐकलेली आहेच, तेव्हा तिला कमी लेखण्यात अर्थ नाही.

रंगूने टोपली पालथी केली. जांभळे, पोपटी, चिंतामणी, अबोली तुकडे जमिनीवर पसरले. आईने आपलं जुनं लुगडं आत घालायला दिलं. आणि रंगूने दगडूसाठी एक चिमुकलं दुपटं शिवायला घेतलं, कारण दहा दिवसांत एवढंच होणार होतं. पहिल्या दिवशी एक ओळ झाली. ती ओळ कशी होती हे न सांगितलेलंच बरं. एक टाका लांब, एक आखूड, एक भलतीकडेच. सुई चार वेळा बोटात गेली. करंगळी दोरा ताणून सांगे, "एवढाच, एवढाच." अंगठा ऐके आणि विसरे, पुन्हा ऐके आणि पुन्हा विसरे.

तिसऱ्या दिवशी नानाने पावा वाजवला आणि रंगूचे पाय आपोआप उठले. तिने ते खाली घेतले. मग तिने आपला दोन भोकांचा पावा दगडूला देऊन टाकला. त्याने तो चोखला. पाचव्या दिवशी चिंगीने दारातून हाक मारली, "रंगे, माती मळलीय, लोण्यासारखी! येतेस?" रंगूला माती फार आवडे. ती बोटांत गार गार लागते. तिने दाराकडे पाहिलं, दुपट्याकडे पाहिलं, आणि दोरा दाताने तोडत म्हणाली, "नाही गं. मला हे करायचंय." हे बोलताना तिला जरा वाईट वाटलं, आणि बोलून झाल्यावर फार बरं वाटलं.

नवव्या दिवशी तिला पहिली ओळ उसवून पुन्हा शिवावीशी वाटली. पण दोरा तेवढा नव्हता आणि दिवसही नव्हते. दहाव्या दिवशी तिने शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा एक इवलासा तुकडा ठेवला आणि वरून शिवून टाकला. गोधडी उपाशी ठेवू नये, असं आई म्हणायची. मुंग्यांचं त्यावर काय म्हणणं होतं, ते कुणी विचारलं नाही.

पौषाची पुनव उजाडली. पार सारवून लखलखीत केला होता. चौरंगाभोवती पांढरीशुभ्र रांगोळी. नानाचा पावा झाला, भागूआत्याने मान डोलावली. चिंगीची सुरई झाली, आत्याने ती गालाला लावून पाहिली. दोघांच्या तळहातांना कुंकू लागलं. मग रंगू उठली. तिच्या हातात ते दुपटं होतं.

"बाई गं! चिंध्याच आणल्या!" ठकूकाकू कुजबुजली. तिची कुजबूज तीन गल्ल्यांत ऐकू जाई. "हात दाखवून अवलक्षण!"

रंगूच्या खांद्यावर दहिवराचा एक थेंब चमकला. त्या थेंबातून इवलासा आवाज आला, "मुली, दहिवर अजून वाळलेलं नाही. एक इच्छा शिल्लक आहे. 'शिवण' एवढा एक शब्द बोल, की हे सगळे टाके आत्ताच्या आत्ता सरळ होतील."

रंगूने पहिल्या ओळीकडे पाहिलं. ती फारच वाकडी होती. पारापलीकडे मेंढ्यांचा कळप निघायच्या तयारीत उभा होता, आणि आईच्या कडेवरून दगडू तिच्याकडे दोन्ही हात पसरत होता. रंगूने मान हलवली. नाही. तिने दुपटं चौरंगावर ठेवलं.

भागूआत्याची सुरकुतलेली बोटं पहिल्या कोपऱ्यावर आली आणि थांबली. "हा टाका आहे, की बेडकाची उडी?"

सगळा पार हसला. रंगूच्या डोळ्यांत पाणी तरळलं, पण ती तिथेच उभी राहिली. आत्याची बोटं पुढे सरकली.

"इथे सुई लागली तुला."

"हो, आत्या."

"इथे रागावलीस."

"दोरा गुंतला होता."

बोटं आणखी पुढे गेली. आता कुणी हसत नव्हतं. "इथे टाका घट्ट आहे," आत्या हळू आवाजात म्हणाली. "इथे कुणीतरी खेळायला बोलावलं होतं. तू गेली नाहीस."

चिंगीने जीभ चावली. आत्याची बोटं अबोलीवरून पोपटीवर, पोपटीवरून जांभळ्यावर गेली आणि शेवटच्या कोपऱ्याशी येऊन गोंधळली. पुढे गेली, मागे आली. "इथे शिवलंच नाहीस?"

"शिवलंय, आत्या."

"मग मला लागत का नाही?"

ठकूकाकूला राहवलं नाही. ती पुढे आली, वाकली, कोपऱ्याला नाक लावून पाहिलं. "आहे हो," ती म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज खरंच कुजबुजीसारखा होता. "मोहरीएवढा टाका आहे. एकाला एक लागून. अगंबाई, केवढा सुंदर आहे!"

भागूआत्याने दुपटं उचलून छातीशी धरलं. "साठ वर्षं मी मुलांचे बसलेले हात तपासते आहे," ती म्हणाली. "पण हात बसताना मी आज पहिल्यांदा पाहिला. या कोपऱ्यात तो उभा आहे, तिथे धडपडतोय, आणि इथे बसलाय. बसला गं पोरी, तुझा हात बसला!"

रंगूच्या तळहाताला कुंकू लागलं. आई हसत होती आणि डोळे पुसत होती. "मी म्हणतच होते," ठकूकाकू सगळ्यांना सांगू लागली, "या पोरीकडे भाराभर चिंध्या आहेत!"

"भाराभर चिंध्या," भागूआत्या म्हणाली, "आणि एक धड."

मग आत्याने विचारलं, गोधडी शिकवणारं गावात कुणी आहे का? कुणीच नव्हतं. "माझे हात म्हातारे झालेत, पण विसरलेले नाहीत," ती म्हणाली. "उद्यापासून माझ्या ओट्यावर येऊन बस. भावाला घेऊन आलीस तरी चालेल." कळपाबरोबर त्या वर्षी कुणीच गेलं नाही, आणि मेंढ्यांना त्याचं काही वाटलं नाही.

टेकडीवरून ऊन उतरलं तेव्हा रंगू पाराच्या मागे गेली. खांद्यावरचा थेंब उमलला आणि त्यातून दहिवरी बाहेर आली, चांदण्याच्या झग्यात, झगमगत. "मुली, तुझी एक इच्छा राहिली."

"ती तू ठेव, परीताई. तुला कधी लागली तर असू दे."

दहिवरी थक्क झाली. आजवर कुणीही इच्छा शिल्लक टाकली नव्हती, त्यामुळे ती कुठे ठेवायची हे तिलाच कळेना. शेवटी तिने ती आपल्या केसांत खोचली. मग झग्यातून एक रुपेरी सुई काढून तिने रंगूच्या हातावर ठेवली.

"ही जादूची आहे?"

"नाही गं. साधी सुई आहे. गंजणार नाही, एवढंच."

"मग छान," रंगू म्हणाली.

दहिवरीने पंख पसरले. उन्हाचा पहिला झोत तिच्यावर पडला. सोनेरी, केशरी, गुलाबी उजेडात ती दवासारखी विरघळू लागली. झगा गेला, केस गेले, नितळ पंखही दिसेनासे झाले. सगळ्यांत शेवटी उरली ती हवेत तरंगणारी निळ्या टाक्यांची एक बारीक, सरळ ओळ. ती रंगूने परकराच्या काठातल्या धाग्याने शिवली होती, बोलता बोलता, न बघता. आज तिने ती नीट पाहिली. मग तीही उजेडात मिसळून गेली.

दुपारी दगडूने नवं दुपटं ओढून घेतलं. त्याने सगळे कोपरे चाचपून पाहिले. रंगूला वाटलं, भाकरीचा तुकडा असलेला, मोहरीएवढ्या टाक्यांचा कोपरा त्याला आवडेल. दगडूने तो सोडून दिला आणि बेडकाच्या उड्यांचा वाकडातिकडा कोपरा मुठीत धरला. लगेच त्याला झोप लागली. तो कोपरा पुढे कधी उसवला नाही.

पुढच्या थंडीपर्यंत हुडहुडवाडीत घरोघरी दोन दोन गोधड्या झाल्या. उरलेल्या तुकड्यांतून रंगूने कोंबड्यालाही एक झूल शिवली. तेव्हापासून तो भर पहाटे, एका दमात, पुरं 'कुकुचकू' आरवतो.

दोरा संपला, गाठ मारली, गोष्ट पांघरून तुम्ही झोपा.